रात्री अकराची संध्याकाळ

तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं कुणी असेल, तर त्याला आज रात्री साडेनऊला झोपवून दाखवा. दिवे मालवा, मोबाइल कपाटात ठेवा, पंखा पाचवर करा, हळद घातलेलं दूध द्या. पोरगं आढ्याकडे बघत पडून राहील. दहाला पाणी प्यायला उठेल, साडेदहाला त्याला भूक लागेल आणि अकराला ते स्वयंपाकघरात मॅगी शिजवताना सापडेल. डोळे टक्क उघडे, डोकं दिवसभरात नव्हतं इतकं तरतरीत. हेच पोरगं सकाळी सहाला हलवा. "पाच मिनिटं" एवढंच म्हणेल, तेही झोपेत.

घरोघरी याची कारणं ठरलेली असतात. मोबाइल, आळस, लाडावलंय, आणि सगळ्यांत शेवटी "आमच्या वेळी असं नव्हतं". खरं कारण या सगळ्यांपेक्षा कितीतरी भन्नाट आहे. त्यासाठी आधी एका झाडाकडे जावं लागेल.

1729 साली झाँ-झाक द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं, दिवसा पानं उघडणारं आणि रात्री मिटणारं एक झाड काळोखात नेऊन ठेवलं. ऊन नाही, म्हणजे पानं मिटूनच राहायला हवीत, बरोबर? पण झाड काळोखातही दिवस उजाडल्यावर पानं उघडत राहिलं आणि रात्री मिटत राहिलं. त्याला वेळ कोण सांगत होतं? बाहेरचं कुणी नाही. घड्याळ झाडाच्या आतच होतं.

तसं ते तुमच्याही आत आहे. दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर पेशींचे दोन चिमुकले पुंजके आहेत. मेंदूतल्या अब्जावधी पेशींपैकी इथे असतात जेमतेम वीस हजार. कधी झोप यावी, कधी ताप उतरल्यासारखं अंग थंड व्हावं, कधी भूक लागावी, या सगळ्याचं वेळापत्रक हे वीस हजार जण सांभाळतात.

पण पेशीला चोवीस तास मोजता कसे येतात? तिच्यात ना काटे, ना बॅटरी. गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी चढतं, तरंगणारा गोळा वर येतो आणि नळ आपोआप बंद होतो. पाणी वापरलं गेलं की गोळा खाली येतो आणि नळ पुन्हा सुरू. पेशीत पाण्याच्या जागी एक प्रथिन असतं. एक जनुक ते बनवत राहतं, ते साचत जातं, पुरेसं साचलं की पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि ज्या जनुकाने आपल्याला बनवलं त्यालाच बंद करतं. मग प्रथिन हळूहळू झिजून संपतं आणि जनुक पुन्हा कामाला लागतं. हा सगळा फेरा पुरा व्हायला लागतात साधारण चोवीस तास! ही करामत उलगडली ती पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांमध्ये. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

आता एक गंमत. माणसाचं हे घड्याळ अगदी बरोबर चोवीस तासांचं नसतं. सरासरी दहा-अकरा मिनिटं जास्तच घेतं. रोज मागे पडणारं घड्याळ रोज मिळवावं लागतं, आणि ते काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम दृश्य दाखवणं हे नाहीच. त्या फक्त किती उजेड आहे हे जोखतात आणि थेट त्या दोन पुंजक्यांना कळवतात. दृष्टी पार गेलेल्या काही माणसांतही या पेशी शाबूत असतात. समोरचा हात दिसत नाही, पण शरीराला सकाळ झाल्याचं कळतं!

उजेड ओसरला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलाटोनिन सोडायला लागते. लोक त्याला झोपेचं औषध समजतात, पण उंदीर-घुशींमध्येही ते रात्रीच वाढतं, आणि घुशी तर रात्रभर धावपळ करत असतात. मेलाटोनिन फक्त दवंडी पिटतं की रात्र झाली. त्या दवंडीचं काय करायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

आणि इथे येते वयात येण्याची भानगड. मिसरूड फुटतं, आवाज फुटतो, उंची वाढते, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारा बदल असा की याच काळात ही दवंडी उशिरा पिटली जायला लागते. लहानपणच्या मानाने दोन-दोन तासांपर्यंत उशिरा! म्हणजे तुमच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजलेले असतात, तेव्हा तुमच्या लेकीच्या शरीरात नुकती दिवेलागण होत असते.

मोबाइलमुळेच ना? अमेरिकेतल्या मेरी कार्सकॅडन यांनी वयात येणं आणि झोप पुढे सरकणं यांचा संबंध मांडला 1993 मध्ये, तेव्हा कुणाच्या उशाशी स्मार्टफोन नव्हता. वयात येणाऱ्या माकडांचं आणि उंदरांचंही घड्याळ असंच सरकताना आढळलं आहे, आणि त्यांना तर कुणी रिल्स दाखवत नाही. मोबाइल आगीत तेल ओततो हे खरं, पण आग त्याने लावलेली नाही.

त्याच कार्सकॅडनबाईंनी 1970 च्या दशकात स्टॅनफर्डला मुलांचं उन्हाळी शिबिर भरवलं होतं, झोप मोजण्याचं! अंदाज असा होता की मूल मोठं होत जाईल तशी त्याची झोप कमी होत जाईल. रात्री दहा तास अंथरुणात पडायची मोकळीक दिल्यावर मुलं साधारण सव्वानऊ तास झोपली. दहा वर्षांचीही तितकीच आणि पंधरा-सोळाचीही तितकीच. वर मोठी मुलं एवढं झोपूनही दुपारी लहानांपेक्षा जास्त पेंगुळलेली! "आता मोठा झालास, सहा तास पुरेत" हे वाक्य आपण कुठून आणलं कुणास ठाऊक.

मग साडेनऊला झोपवलेलं मूल नुसतं पडून का राहतं? याचं उत्तर मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत नवलाचं वाटतं. इस्रायलमधल्या पेरेत्झ लावी यांनी तरुणांना वेगळ्याच चक्रात अडकवलं: सात मिनिटं झोपायचा प्रयत्न करायचा, तेरा मिनिटं जागं राहायचं, पुन्हा सात, पुन्हा तेरा, असं दिवस-रात्र. तुम्हाला वाटेल, जसजशी रात्र चढेल तसतशी झोप सोपी होत जाईल. तसं झालंच नाही. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास असे निघाले की कितीही थकवा असो, झोप जवळजवळ लागतच नाही. शरीर दिवसभराच्या थकव्याला तोंड द्यायला तेव्हाच सर्वांत जोर लावत असतं. लावींनी या तासांना झोपेचा निषिद्ध प्रदेश म्हटलं.

तुमच्या मुलाची झोपेची खरी वेळ साडेबारा असेल, तर साडेनऊपासूनचे दोन-तीन तास हा त्याचा निषिद्ध प्रदेश. परीक्षेच्या आदल्या रात्री नेमक्या याच वेळात आपण त्याला ओरडतो, "आज तरी लवकर झोप!" भर दुपारी बाराला झोप म्हणण्यापेक्षा हे अवघड आहे. दुपारी बाराला निदान डुलकी तरी लागेल.

जागं असताना मेंदूत झोपेचा दाब साचत जातो. चहा-कॉफी तोच काही वेळ जाणवू देत नाही. वयात आलेल्या मुलांत हा दाब लहान मुलांपेक्षा सावकाश साचतो. लहानगं रात्री नऊला जेवता जेवता ताटावर कलंडतं, आणि ताई त्याला उचलून नेऊन परत येऊन अभ्यासाला बसते, ती याचमुळे. त्यात कॉलेजातून आल्यावर चार ते सहा झोप काढली, तर साचलेला थोडाफार दाबही उतरतो. मग मध्यरात्रीही पाखरू जागंच.

पण निसर्गाने हा घोळ घालून ठेवला कशाला? टांझानियात हाडझा नावाचे लोक आहेत. आजही शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून राहतात. डेव्हिड सॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यातल्या 33 प्रौढांच्या मनगटांवर वीस दिवस उपकरणं बांधली आणि कोण कधी झोपतं ते टिपलं. 2017 मध्ये आकडे छापून आले. वीस दिवसांत सगळे एकाच वेळी झोपेत होते अशी मिनिटं किती असतील? अठरा. फक्त अठरा मिनिटं! म्हातारे लवकर झोपून लवकर उठणारे, तरुण उशिरापर्यंत जागणारे. पहारेकरी न नेमताही वस्तीवर सतत कुणी ना कुणी जागं. ज्या काळात सिंह अंधारात फिरत, त्या काळात वेगवेगळ्या वयांची घड्याळं वेगवेगळी असण्याने जीव वाचत असावेत, असा या संशोधकांचा तर्क आहे.

आता आपल्या टू बीएचकेकडे बघा. आजोबा पहाटे चारला खोकत उठतात, साडेपाचला कुकरची पहिली शिट्टी होते, आणि नातू रात्री एकला गॅलरीचं दार लावून झोपतो. चोराने शिरावं तरी कधी?

आपल्याकडे आणखी एक पीळ आहे. भारतीय प्रमाणवेळ ठरते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी 39 मिनिटं उशिरा. म्हणून तर मुंबईने 'बॉम्बे टाइम' नावाचं स्वतःचं घड्याळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे चालवलं. देशाची प्रमाणवेळ 1906 मध्ये आली तरी ते 1955 पर्यंत टिकलं. नागपूरला हा फरक जेमतेम चौदा मिनिटांचा. शरीराचं घड्याळ सरकारी वेळ पाळत नाही, ते उजेड पाळतं. सकाळी सहाच्या गजराला मुंबईच्या सूर्याच्या हिशेबात पाच वाजून एकवीस मिनिटंच झालेली असतात. बिचाऱ्या पोराचं घड्याळ वयाने दोन तास मागे ढकललेलं, त्यात मुंबईचे हे 39!

उजेडानेच ते थोडं पुढे आणताही येतं. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो, म्हणून सकाळचा चहा गॅलरीत दिलेला बरा. रात्री दिवे मंद ठेवायचे. रविवारी अकरापर्यंत ताणून दिली तर घड्याळ पुन्हा मागे सरकतं आणि सोमवारचा गजर आणखी जड होतो. यातून तास-अर्धा तास मिळेल. पण वयात येताना झालेली ही सगळी सरक मिटत नाही. ती मिटायला लागते विशीच्या आसपास, आपोआप.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये शिफारस केली की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. सिॲटल शहराने 2016 मध्ये शाळेची वेळ 7:50 वरून 8:45 केली. लोक म्हणाले, पोरं आता आणखी उशिरा झोपतील. मोजमाप झालं तेव्हा मुलांची रोजची झोप 34 मिनिटांनी वाढलेली होती. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, तो 2022 पासून लागू आहे.

आणि महाराष्ट्र? मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याकडेही आदेश निघाला: वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवा. कुणाचे? पूर्वप्राथमिक ते चौथीचे. ज्या वयात मूल सहाला आपणहून उठून घरभर नाचतं, त्या वयाला नियम लागू झाला. ज्या वयात त्याची खरी गरज सुरू होते, ती मुलं मात्र दात घासता घासता झोपतात आणि साडेसहाला क्लासच्या बाकावर हजर असतात. तेव्हा पुढच्या पालकसभेत फी आणि गॅदरिंगच्या आधी एक प्रश्न विचारा: नववी ते बारावीची पहिली घंटा नऊला का वाजत नाही?