देवासचे आमदार तुकोजीराव पवार

मध्य प्रदेशातील देवास मतदारसंघातून 1990 पासून सलग 6 वेळा भाजपचे आमदार म्हणून निवडून आलेले आणि राज्यात मंत्रिपदही भूषविलेले तुकोजीराव पवार ज्या घराण्यात जन्मले, ते अठराव्या शतकात मराठी मुलखातून माळव्यात स्थलांतरित झाले होते. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या काळात तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी देवासला सत्ता स्थापन केली, तर त्यांच्या भाऊबंदांची दुसरी शाखा धारला स्थिरावली. विशेष म्हणजे हे घराणे आपला वंश धारच्याच परमार राजांशी जोडते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हे स्थलांतर म्हणजे पूर्वजांच्या भूमीकडे परतणेच होते.

देवासमध्ये दोन भावांच्या वंशजांची ‘थोरली पाती’ आणि ‘धाकटी पाती’ (पाती म्हणजे वाटणीतील हिस्सा) अशी दोन स्वतंत्र संस्थाने एकाच गावात नांदत होती आणि ही अपूर्व व्यवस्था 1948 मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत टिकली. तुकोजीराव थोरल्या पातीचे. पूर्वजांना वारशाने मिळालेली सत्ता त्यांना मात्र दर निवडणुकीत मतदारांकडून नव्याने मिळवावी लागली, आणि माळव्यातील मराठी घराण्यांच्या इतिहासातील हा बदल लढायांइतकाच अभ्यासण्याजोगा आहे. जून 2015 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी गायत्रीराजे पवार विजयी झाल्या. पुढे 2018 आणि 2023 मध्येही देवासच्या मतदारांनी त्यांनाच विधानसभेत पाठविले.