पोकर स्पर्धेचा पहिला तास : नवख्याने काय खेळावे, काय सोडावे?

काष्टीच्या (ता. श्रीगोंदा) शनिवारच्या बैलबाजारात मुरलेला व्यापारी आल्या आल्या बोली लावत नाही. आधी दावणीवरून एक चक्कर मारतो, जनावराचे दात पाहतो, कोणाला विकायची घाई आहे ते हेरतो. जुन्या बैलबाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही भाव कळत नसे. पोकरमध्येही समोरच्याची पाने झाकलेली असतात आणि अंदाज बांधायचा तो त्याच्या वागण्यावरून. स्पर्धेचा पहिला तास ही चक्कर मारण्याची वेळ असते. नवखे खेळाडू मात्र बऱ्याचदा याच तासात मोठा डाव मांडतात आणि बाहेर पडतात.

मोबाइलमुळे पोकर गावोगावी पोहोचला. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळाचे कौतुक असणाऱ्यांनी त्यातले गणित आणि कायदा, दोन्ही समजून घेतलेले बरे.

खेळ कसा चालतो?

‘टेक्सास होल्डेम’ हा पोकरचा सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडी मांडली जातात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातपैकी सर्वोत्तम पाच पानांचा हात धरला जातो. प्रत्येक टप्प्यावर बोली लावता येते किंवा पाने टाकून डाव सोडता येतो.

स्पर्धेत सर्वजण ठरलेले प्रवेशशुल्क भरतात आणि सर्वांना सारख्याच चिप मिळतात. चिप संपल्या की खेळाडू बाद. शेवटपर्यंत टिकणाऱ्या मोजक्यांनाच बक्षीस मिळते. प्रत्येक डावात दोन खेळाडूंना पाने पाहण्याआधीच सक्तीची बोली लावावी लागते. तिला ‘स्मॉल ब्लाइंड’ आणि ‘बिग ब्लाइंड’ म्हणतात. ठरावीक वेळाने ही बोली वाढत जाते.

तीन पत्तीच्या सवयी इथे का नडतात?

दिवाळीत, जत्रेत तीन पत्ती खेळलेल्याला पोकर ओळखीचा वाटतो. पण तीन गोष्टी उलट आहेत.

• तीन पत्तीत सिक्वेन्स हा कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये कलर मोठा. कारण साधे आहे. तीन पानांत सिक्वेन्स दुर्मीळ असतो, पाच पानांत कलर. पाच पानांच्या २५,९८,९६० शक्य हातांपैकी साधे सिक्वेन्स १०,२०० आहेत, तर साधे कलर ५,१०८.

• तीन पत्तीत ब्लाइंड खेळणाऱ्याला निम्मी चाल भरावी लागते. पोकरमध्ये अशी सवलत नाही. पाने न पाहता बोली लावण्यात काहीच फायदा नाही.

• तीन पत्तीत हरलेले पैसे पुढच्या डावात भरून काढू, असे म्हणत लोक बसून राहतात. स्पर्धेत चिप संपल्यावर पुढचा डावच नसतो.

पहिल्या तासात घाई का नको?

समजा, तुमच्याकडे १०,००० चिप आहेत आणि ब्लाइंड ५०-१०० आहे. म्हणजे तुमच्याकडे १०० बिग ब्लाइंड आहेत. नऊ जणांच्या टेबलावर एक पूर्ण फेरी एकही डाव न खेळता काढली, तरी १५० चिपच जातात, म्हणजे दीड टक्का. सुरुवातीला थांबणे एवढे स्वस्त असते. ब्लाइंड ५००-१,००० झाल्यावर मात्र त्याच चिप दहाच बिग ब्लाइंड उरतात. तेव्हा थांबणे परवडत नाही.

दुसरे कारण बक्षिसाच्या गणितात आहे. दहा जणांनी प्रत्येकी १,००० रुपये भरले आणि बक्षिसे ५,०००, ३,००० व २,००० रुपयांची ठेवली, असे समजा. सर्वांकडे सारख्या चिप असताना प्रत्येकाच्या जागेची किंमत १,००० रुपये होते. आता पहिल्याच डावात तुम्ही सगळ्या चिप लावल्या आणि एकाला बाद केले. चिप दुप्पट झाल्या. जागेची किंमत दुप्पट झाली का? ‘इंडिपेंडंट चिप मॉडेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिशोबानुसार ती सुमारे १,८४४ रुपये होते. हरला असता तर १,००० गेले असते, जिंकल्यावर ८४४ वाढले.

म्हणजे अशी पैज निम्म्या वेळा जिंकूनही तोटाच होतो. ती निदान ५४ टक्के वेळा जिंकण्याची शक्यता असेल तरच परवडते. ‘फिफ्टी-फिफ्टी आहे, लावून टाकू’ हा विचार सुरुवातीला महाग पडतो तो याच कारणाने.

कोणती पाने खेळावीत?

मोठ्या जोड्या : दोन एक्के, दोन राजे, दोन राण्या मिळाल्या तर बोली वाढवावी. बिग ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट बोली पुरते. दोन एक्के २२१ डावांत सरासरी एकदा येतात, त्यामुळे त्यांची वाट पाहत बसणे ही रणनीती होऊ शकत नाही. आणि हातात आले तरी बोली न वाढवता पाच-सहा जणांना स्वस्तात डावात येऊ दिले, तर एक्क्यांचीही धार जाते.

लहान जोड्या : दोन पंजे किंवा दोन सत्त्या सुरुवातीच्या टप्प्यात उपयोगी असतात. टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत तिसरे तसलेच पान येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. त्यामुळे पाने पाहायला जेवढ्या चिप लागतात त्याच्या पंधरा-वीस पट चिप तुमच्याकडे आणि समोरच्याकडेही असाव्यात. तिसरे पान आले नाही आणि समोरून बोली आली, तर सोडून द्यावे.

एक्का-राजा : दिसायला राजेशाही, पण अजून जोडी झालेली नाही. पहिल्या तीन पानांत जोडी जमण्याची शक्यता तीनपैकी साधारण एकदाच. बोली वाढवावी, मात्र जमले नाही तर चिकटून राहू नये.

एक्का आणि हलके पान : एक्का-सत्ती, एक्का-नव्वी यांत नवखे फसतात. टेबलावर एक्का आला की आनंद होतो, पण समोरच्याकडे एक्का-राजा असेल तर तुमची जोडी मागे पडते. लवकर बोलायची पाळी असेल तर ही पाने टाकावीत.

जागेचे महत्त्व काय?

टेबलावर ‘डीलर’ची खूण प्रत्येक डावानंतर पुढे सरकते. पहिल्या तीन पानांनंतर ही खूण ज्याच्यापुढे असते तो सर्वांत शेवटी बोलतो. इतरांनी काय केले हे पाहून त्याला निर्णय घेता येतो. त्यामुळे जी पाने पहिल्या जागेवरून टाकायची, तीच शेवटच्या जागेवरून खेळता येतात. नवख्याने एवढा एकच नियम पाळला, तरी बरेच अवघड प्रसंग टळतात.

एका जोडीवर सगळे लावावे का?

नाही. समजा, तुमच्याकडे एक्का-राणी आहे, टेबलावर एक्का आला आणि समोरचा पुन्हापुन्हा मोठी बोली लावतो आहे. १०० बिग ब्लाइंड हाताशी असताना सावध खेळाडू एवढ्या चिप सहसा एका जोडीवर लावत नाही. त्याच्याकडे दोन जोड्या किंवा त्याहून मोठे काही असण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी डाव सोडणे ही भित्रेपणाची खूण नाही.

थाप मारण्याचेही तसेच. समोरचा पाने टाकू शकत असेल तरच थाप चालते. पहिल्या तासात नवखे खेळाडू कुतूहलापोटी शेवटपर्यंत येतात, त्यांच्यापुढे मोठी थाप वाया जाते. त्यापेक्षा पाने टाकल्यानंतर मोबाइल न काढता टेबल पाहावे. कोण प्रत्येक डावात येतो, कोण तासात एकदाच बोली वाढवतो, हरल्यावर कोण चिडतो, ही माहिती पुढच्या तासांत कामाला येते.

कायदा काय सांगतो?

‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा, २०२५’ला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, असा भेद न करता या कायद्याने पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असे खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण बंदीनंतरही पैसे घेणाऱ्या ॲपमध्ये ते अडकले, तर परत मिळवणे कठीण असते.

महाराष्ट्रात जुगाराला १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी अमलातच आला नाही आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्यात मात्र परवानाधारक कॅसिनो आहेत. पणजीत मांडवीतल्या जहाजांवर पोकरच्या स्पर्धाही भरतात. तिथे प्रवेशासाठी वय किमान २१ लागते. कॅसिनोवर २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी आहे. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आणि वर उपकर लागतो. आधी हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही.

पैशांविना सराव कसा करावा?

सहा जण जमा. प्रत्येकाला १०० चिंचोके द्या. ब्लाइंड १-२ ठेवा आणि दर २० मिनिटांनी दुप्पट करा. पाचव्या टप्प्यात ब्लाइंड १६-३२ होतो आणि सहाशे चिंचोक्यांत तेव्हा एकोणीस बिग ब्लाइंडही उरत नाहीत. म्हणजे दीड-दोन तासांत स्पर्धा आटोपते. कोण कितव्या मिनिटाला आणि कोणत्या पानांवर बाद झाला, हे वहीत लिहा. चार-पाच रविवारी असे खेळलात की आपण कुठे घाई करतो ते कळेल.

थोडक्यात

• पहिल्या तासात कमी डाव खेळा. खेळाल ते बोली वाढवून आणि शक्यतो शेवटच्या जागेवरून.
• एका जोडीवर सगळ्या चिप लावू नका.
• चिप दुप्पट झाल्या म्हणून जागेची किंमत दुप्पट होत नाही.
• पैसे मागणाऱ्या ऑनलाइन पोकरपासून दूर राहा.
• खेळापायी कर्ज होत असेल किंवा झोप उडाली असेल, तर घरात बोला. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.