बुद्धचरित्र : इतिहास आणि आख्यायिका

आपल्या मंगरूळपीरच्या नैर्ऋत्येस असलेलें वाशीम आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें आहे. त्याचें प्राचीन नांव वत्सगुल्म. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं तेथें वाकाटकांची एक शाखा राज्य करीत होती. त्या शाखेंतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें खोदवून भिक्षुसंघास अर्पण केलें, असें तेथील शिलालेखावरून कळतें. त्या लेण्याच्या भिंतींवर बुद्धचरित्रांतील प्रसंग रंगविलेले आहेत. वृद्ध असित ऋषि बाळाचें भविष्य सांगत आहे, हा प्रसंगही त्यांत आहे.

तीं चित्रें पाहून मुलांच्या मनांत एक प्रश्न सहज उभा राहतो : हें सर्व खरोखरच घडलें काय? कोणाच्या श्रद्धेस धक्का लागेल या भीतीनें तो प्रश्न टाळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

प्रथम निश्चित काय तें पाहूं. अशोक राजा राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षीं लुंबिनीस गेला आणि शाक्यमुनि बुद्ध येथें जन्मला असें त्यानें स्तंभावर कोरविलें. तो लेख १८९६ सालीं उजेडांत आला. म्हणजे बुद्ध ही कविकल्पना नव्हे. त्याच्या काळाविषयीं मात्र मतभेद आहेत. इसवी सनापूर्वीं ५६३ ते ४८३ हा काळ पुष्कळ ग्रंथांत आढळतो. कित्येक विद्वान त्याचें निर्वाण इसवी सनापूर्वीं ४०० च्या सुमारास मानितात.

आतां गृहत्यागाची प्रसिद्ध कथा घ्या. राजपुत्र रथांतून फिरावयास निघाला. त्यास म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी हीं चार दृश्यें दिसलीं. आणि निजलेल्या यशोधरेस व राहुलास सोडून तो रात्रीं घोड्यावर बसून निघून गेला. अश्वघोषाच्या 'बुद्धचरित' काव्यानें ही कथा दूरवर पसरविली. परंतु जुन्या पालि सूत्रांत बुद्ध स्वतः निराळें सांगतो. तीन ऋतूंसाठीं तीन वाडे असतांही, मीही म्हातारा होईन, आजारी पडेन, मरेन, हा विचार मनांत आला आणि तारुण्याचा मद उतरला, असें तो एके ठिकाणीं म्हणतो. तेथें रथ नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं तो म्हणतो कीं, मातापिता रडत असतां आपण केस उतरवून घर सोडलें. तेथें काळोखी रात्र नाहीं. चार दृश्यांची कथा मूळ विपस्सी नांवाच्या पूर्वींच्या बुद्धाची असून ती मागाहून गौतमास जोडली गेली, हें धर्मानंद कोसंबी यांनीं 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) या ग्रंथांत दाखविलें आहे.

मग आख्यायिका खोटी म्हणून टाकून द्यावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मनांत उठलेला विचार भिंतीवर रंगवितां येत नाहीं. काठी टेकीत चाललेला म्हातारा रंगवितां येतो. आख्यायिकेनें त्या विचारास रूप दिलें. तथापि मूळ वृत्तान्त अधिक कठीण आहे. निजलेल्यांस सोडून जाणें एक, आणि रडणाऱ्या आईबापांच्या डोळ्यांदेखत घराबाहेर पाऊल टाकणें दुसरें! वडील वाचकांस यांतील भेद अधिक सांगावयास नको.

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यांत परिनिर्वाणाची सुमारें ७ मीटर लांबीची मूर्ति आहे. तिच्यापुढें उभें राहतांना मुलांनीं चुंद लोहाराची आठवण करावी. त्याच्या घरचें अन्न सेवन केल्यावर ऐंशी वर्षांचा बुद्ध आजारी पडला; तें त्याचें शेवटचें भोजन ठरलें. चुंदास कोणीं दोष देऊं नये, त्याच्या मनास टोंचणी लागूं देऊं नये, असें त्यानें मरणापूर्वीं आनंदास बजाविलें. ज्याच्या हातचें अन्न बाधलें, त्याचीच काळजी वाहणारा हा वृद्ध पुरुष आम्हांस त्या भव्य मूर्तीहूनही थोर वाटतो.