सोयाबीन घरच्या ताटात : जावा बेटातील रीत

देवणी, उदगीर, निलंगा या भागातील काळ्या जमिनीत खरिपाचे प्रमुख पीक म्हणजे आज सोयाबीन होय. एके काळी खरिपाची ज्वारी, मूग आणि उडीद यांनी व्यापलेली राने आता सोयाबीनने व्यापलेली दिसतात. दसऱ्याच्या सुमारास रास होते, पोती भरली जातात आणि ती उदगीर किंवा लातूरच्या आडतीवर जातात. तेथून माल गिरणीत जातो. गिरणीत तेल निघते आणि उरलेली पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात मिसळली जाते. ज्या घराने हे पीक पिकविले त्या घरच्या चुलीवर मात्र सोयाबीन सहसा चढत नाही. देवणीचे नाव तेथील गोवंशामुळे देशभर परिचित आहे. जनावराच्या दावणीत काय पडते याचा जेवढा बारकाईने विचार आपण करतो, तेवढा आपल्या ताटाचा करीत नाही, असे म्हणावेसे वाटते.

या दुर्लक्षाची किंमत काय, ते पाहावे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये व तुरीचा ८,००० रुपये ठरविला. सोयाबीनमध्ये शेकडा सुमारे ४० भाग प्रथिने असतात, तुरीत सुमारे २२. या हिशेबाने शंभर रुपयांच्या सोयाबीनमधून सुमारे पाऊण किलो प्रथिने मिळतात. तेवढ्याच पैशांच्या तुरीतून पाव किलोहून थोडी अधिक. ज्या घरात वाढती मुले आहेत, लेकुरवाळी सून आहे आणि रोजचे वरण पातळ होत चालले आहे, त्या घराने एखादे पोते बाजारात न नेता मागे ठेवण्याचा विचार अवश्य करावा.

हा विचार नवा नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग करविले व ‘हरिजन’ पत्रातून त्याविषयी लिहिले. पुढच्याच वर्षी बडोदे संस्थानाच्या छापखान्यातून एफ. एस. काळे यांचे सोयाबीनवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात तीनशे पाककृती होत्या. तरीही सोयाबीन आपल्या घरांत रुळले नाही. त्याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. आपण ते तुरीसारखे शिजविले. तसे शिजविले असता त्याला उग्र, कच्चट वास येतो, टरफल दाताखाली येते आणि पोट फुगते. वरणाच्या जागी सोयाबीन बसत नाही. त्याला स्वतःची वेगळी रीत लागते. ती रीत इंडोनेशियातील जावा बेटावर पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. १८१५ च्या सुमारास तेथे रचल्या गेलेल्या ‘सेरात चेंतिनी’ या ग्रंथात सोयाबीनपासून होणाऱ्या ‘तेम्पे’ या पदार्थाचा उल्लेख आढळतो.

जावा म्हटले की आपल्याला ते फार दूरचे वाटते. परंतु तेथे सोयाबीनला ‘केदेलाई’ म्हणतात आणि हा शब्द तमिळमधील ‘कडलै’ या शब्दावरून आला असावा, असे अभ्यासक मानतात. देवणीच्या सीमेपलीकडे, भालकीच्या बाजारात, हरभऱ्याला ‘कडले’ म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊ. तेथील स्वयंपाकाचे साहित्यही आपल्या ओळखीचे आहे : शेंगदाणा, चिंच, गूळ, धने, लसूण, लाल मिरची. भुईमूग आणि मिरची ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील. ती तिकडेही पोहोचली व इकडेही. ओले खोबरे तेवढे तेथे मुबलक व आपल्याकडे महाग. म्हणून नारळाच्या दुधातील प्रकार येथे सोडून दिले आहेत. भाज्या आणि दाणे एकत्र शिजविण्याचे तर आपल्या भगिनींना शिकवावयास नकोच. वेळ अमावास्येला शेतात नेण्यासाठी जी भज्जी होते तिच्यात हिरवी तूर, वाल, वाटाणा व पालेभाज्या एकाच पातेल्यात पडतात, आणि सोबतची आंबील ही आंबविलेलीच असते. आंबविलेल्या अन्नाची चव येथील जिभेला परकी नाही, हा मोठाच लाभ आहे.

तेम्पेकडे वळण्यापूर्वी दोन सोपे प्रकार सांगतो. त्यांना कोणतेही नवे साहित्य लागत नाही.

पहिला ‘पेचेल’. एक वाटी शेंगदाणे, चार पाकळ्या लसूण व चार-पाच लाल मिरच्या थोड्या तेलात परतून घ्याव्यात. त्यात सुपारीएवढी चिंच, लिंबाएवढा गूळ व मीठ घालून पाट्यावर वाटावे. लिंबाचे एखादे कोवळे पान वाटणात घातल्यास जावाच्या चवीच्या जवळ जाता येते. हे वाटण कढत पाण्याने दाटसर भज्जीइतके पातळ करावे. चवळीच्या कोवळ्या शेंगा, कोबी, तांदुळजा व मोड आलेले मूग वेगवेगळे, उघड्या पातेल्यात, करकरीतपणा राहील एवढेच उकडावेत, निथळून ताटात मांडावेत आणि वरून वाटण ओतावे. फोडणी नाही. आपल्याकडे भाजी शिजवून शिजवून तिचा रंग घालविण्याची जी सवय आहे ती येथे सोडावी लागते. याच भाज्यांत उकडलेले बटाटे व अंडी, तळलेल्या तेम्पेच्या फोडी मिळविल्या की ‘गादो-गादो’ होते. भाकरीबरोबर दोन्ही चांगली लागतात.

दुसरा ‘सायुर आसेम’, म्हणजे चिंचेचे पातळ सार. कच्चे शेंगदाणे मऊ होईतो शिजवावेत. त्यातच मक्याच्या कणसाचे तुकडे, चवळीच्या शेंगा, दुधीच्या फोडी, ठेचलेला लसूण, कांदा व मिरची टाकावी आणि शेवटी चिंचेचा कोळ व गुळाचा खडा घालावा. तेलाचा थेंबही लागत नाही.

आता तेम्पेविषयी. उकडलेल्या सोयाबीनवर ‘रायझोपस’ जातीची एक निरुपद्रवी बुरशी वाढविली असता तिचे पांढरे तंतू दाण्यांना एकमेकांशी घट्ट बांधतात व वडी तयार होते; हीच तेम्पे. आंबविण्याच्या या क्रियेत प्रथिने पचण्यास हलकी होतात, पोट फुगविणारे अंश बरेच कमी होतात आणि तो उग्र वास जातो. म्हणजे ज्या तीन तक्रारींमुळे सोयाबीन आपल्या घरांतून परतले, त्या तिन्हींचे उत्तर येथे आहे.

प्रथम धान्याविषयी एक इशारा. पेरणीतून उरलेले बियाणे कोणत्याही परिस्थितीत खाण्यासाठी वापरू नये. त्याला थायरम, कार्बेन्डाझिम यांसारखी विषारी औषधे चोळलेली असतात. धुतल्याने ती पूर्णपणे जात नाहीत. काढणीच्या वेळी पावसात भिजून काळे पडलेले दाणेही घेऊ नयेत. खाण्याचे सोयाबीन राशीतूनच वेगळे काढून, वाळवून, निराळ्या डब्यात ठेवावे.

अर्धा किलो सोयाबीन निवडून उकळत्या पाण्यात टाकावे, पाच मिनिटे उकळू द्यावे व त्याच पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे. दाणे थंड पाण्यात टाकले असता जो कच्चट वास सुटतो, तो उकळत्या पाण्यात टाकल्याने बराच टळतो. सकाळी दोन्ही हातांनी चोळून टरफले काढावीत. ती पाण्यावर तरंगतात, ओतून द्यावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण टरफल राहिले तर बुरशी आत शिरत नाही. सोललेली डाळ ताज्या पाण्यात पाऊण ते एक तास शिजवावी. दाणा बोटांनी दाबला जावा, परंतु पिठूळ होऊ नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. ते शिजविल्यानेच निष्प्रभ होते, म्हणून येथे घाई नको. शिजत येताना चार चमचे शिरका घालावा. आंबटपणामुळे इतर जंतू वाढत नाहीत.

पुढील पायरीवर बहुतेकांचे काम बिघडते. डाळ निथळून स्वच्छ पंचावर पसरावी आणि वरची ओल पूर्ण जाईपर्यंत वाळवावी. ओलसर डाळीचे तेम्पे चिकट होऊन नासते. डाळ कोमट झाली की तिच्यात तेम्पेचे विरजण मिसळावे. हे पुडीच्या रूपात विकत मिळते. प्रमाण पुडीवर दिलेले असते. दह्याच्या विरजणाने हे काम होत नाही. जावात पूर्वी डाळ सागाच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळीत. नवशिक्याने प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी घ्यावी, तिला अर्ध्या-अर्ध्या इंचावर सुईने भोके पाडावीत आणि डाळ इंच-सव्वा इंच जाडीची भरून सपाट करावी.

पिशवी ३० अंशांच्या आसपास उबेत ठेवावी. आपल्याकडे पावसाळ्याचा शेवट व सुगीचे दिवस यांना सर्वांत सोयीचे. थंडीत पुठ्ठ्याच्या खोक्यात गोधडीने गुंडाळून चुलीजवळ ठेवावी; चैत्र-वैशाखात हा उद्योग करूच नये. बारा-चौदा तासांनी डाळ आपणहून तापू लागते. तेव्हा पांघरूण काढावे. २४ ते ३६ तासांत पांढरीशुभ्र, घट्ट वडी तयार होते. तिला अळंबीसारखा वास येतो. भोकांपाशी करडे-काळे ठिपके दिसले तर चिंता नको. परंतु हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी रंग, चिकट तार किंवा नाकात जाणारा उग्र वास आढळल्यास सर्व टाकून द्यावे. चाखून पाहू नये.

खोबऱ्याच्या पेंडीचे तेम्पे करण्याचा मोह कोणी धरू नये. जावाच्या बन्यूमास भागात ‘तेम्पे बोंग्क्रेक’ नावाचा असा प्रकार होत असे; त्यात वाढणाऱ्या एका जंतूच्या विषाने अनेकांचे प्राण गेले व तेथील सरकारला त्यावर बंदी घालावी लागली.

तेम्पे शिजविल्याशिवाय खाऊ नये. वाटलेला लसूण, धने, हळद व मीठ यांच्या पाण्यात पातळ काप अर्धा तास बुडवून तळावेत. मुलांना हे फार आवडतात. घरी भरपूर गूळ असेल तर ‘बाचेम’ करावे : गूळ, चिंच, धने, कांदा-लसूण व मीठ यांच्या पाण्यात जाड काप मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवून तव्यावर थोड्या तेलात परतावेत. हा प्रकार दुसऱ्या दिवशी शेतावर न्यावयासही चांगला. प्रथम खाणाऱ्याने थोडेच खावे, आणि ज्याला सोयाबीन किंवा शेंगदाणा सोसत नाही त्याने वर्ज्यच करावे.

विचित्र गोष्ट अशी, की तेम्पेच्या या देशाला लागणारे सोयाबीन आज बहुतांशी बाहेरून, मुख्यतः अमेरिकेतून, आणावे लागते. देवणीच्या घरी ते कणगीत आहे.

अर्धा किलो सोयाबीनपासून सुमारे पाऊण किलो तेम्पे मिळते. पाच-सहा माणसांच्या घरी ते दोन वेळा पुरते. उरलेली वडी वाफवून फ्रीजमध्ये ठेवल्यास चार-पाच दिवस टिकते. फ्रीज नसेल तर ती त्याच दिवशी बाचेम करून संपवावी. जावातील जाणत्या स्त्रिया फार आंबलेले तेम्पेदेखील वाया न घालविता चटणीत मसाल्याप्रमाणे घालतात. आपण मात्र वर्षभर हात बसेपर्यंत ते उकिरड्यात पुरावे.