अंबेचा पूर आणि सहा किलोमीटरचं आभाळ

भर पावसाळ्यात कोकणातल्या नागोठण्याची माणसं आभाळाकडे कमी आणि अंबा नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या पालीकडे जास्त बघतात. पालीचा पूल पाण्याखाली गेल्याचा फोन आला, की कोळीवाड्यात आणि एसटी स्टँडात पाणी कधी शिरेल याचा हिशेब सुरू होतो. त्याच वेळी समुद्राला भरती असली तर तो हिशेब फसतो. धरमतरच्या खाडीतून वर चढणारं पाणी अंबेचं उतरणारं पाणी तटवून धरतं. एके काळी याच भरतीवर गलबतं नागोठण्याच्या बंदरापर्यंत येत. आता ती फक्त पुराच्या वेळी आठवते.

अशा पुरांच्या अंदाजाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात २४ जुलै १९८९ पासूनच करावी लागते. त्या दिवशी अंबेनं वरच्या अंगाला जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं आणि खाली नागोठण्यात हाहाकार उडवला. अंदाज होता तो ‘कोकणात जोरदार पाऊस’ अशा घाऊक भाषेतला. कुठल्या खोऱ्यात, किती वाजता, हे सांगायचं साधनच नव्हतं.

सोळा वर्षांनी २६ जुलै २००५ आला. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या कुलाब्याला जेमतेम ७३. हवामानशास्त्राला इतका मोठा चटका क्वचितच बसला असेल. मुंबईत तेव्हा डॉपलर रडार नव्हतं. त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे डोंगर खाली आले. पण बातम्यांत मुंबईच अधिक होती, हे आजही खटकतं.

त्यानंतर अभ्यासाला वेग आला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात अतिवृष्टीचे दिवस वाढताहेत आणि मध्यम पावसाचे कमी होताहेत. म्हणून एकूण सरासरी जागच्या जागी दिसते. याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या होत्या, आणि त्यामागे तापत्या अरबी समुद्रावरून झोताझोतानं येणारं बाष्प होतं. कोकणात हे बाष्प सह्याद्रीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि कोसळतं. अंबेचा उगम त्याच भिंतीत आहे.

साधनंही आली. मुंबईला कुलाब्यात डॉपलर रडार बसलं, जानेवारी २०२२ मध्ये वेरावलीला दुसरं सुरू झालं. २०२४ च्या सप्टेंबरात पुण्यात ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक कामाला लागला. त्याच्या जोरावर २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही हवामान अंदाजाची प्रणाली जाहीर झाली. आधीचं प्रारूप बारा किलोमीटरच्या जाळीवर चालायचं, हे सहा किलोमीटरच्या. गंमत अशी, की नेमका त्याच दिवशी मान्सून मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या तारखेआधी सोळा दिवस, नोंदीतला सर्वांत लवकर.

सहा किलोमीटर ऐकायला बारीक वाटतं. पण त्याचा अर्थ, साधारण छत्तीस चौरस किलोमीटरला पावसाचा एकच आकडा. शहरासाठी ते पुष्कळ झालं. सुधागड तालुक्यातल्या एखाद्या वाडीला मात्र आपल्या माथ्यावरच्या कड्याचा पाऊस हवा असतो.

डोंगराची गोष्ट तर आणखी अवघड. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. बरोबर एक वर्षानं, १९ जुलै २०२४ ला, कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचं राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र सुरू झालं. पण त्याचे सुरुवातीचे अंदाज दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीसाठी होते.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून उडालेल्या ‘निसार’ उपग्रहाकडून मला खरी आशा आहे. इस्रो आणि नासाच्या या उपग्रहाचं रडार ढगांतून आरपार बघतं, त्यामुळे आषाढातही त्याला जमीन दिसते. जमीन काही सेंटीमीटर सरकली तरी ते टिपतं. मात्र एकाच वाटेनं तो बारा दिवसांनी परत येतो आणि दरड काही तासांत कोसळते. तेव्हा त्या रात्री तो कुणाला उठवायला येणार नाही. कोणता उतार हळूहळू सुटतो आहे, हे आधी सांगून ती अपुरी यादी मात्र तो दुरुस्त करू शकतो, आणि ते काम थोडं नाही.

जिल्हा नियंत्रण कक्ष पावसाळ्यात नद्यांच्या पातळ्या रोज कळवतो. अंबेची धोका पातळी ९ मीटर आहे. नागोठणेकरांनी तो आकडा वाचताना शेजारी त्या दिवशीची भरतीची वेळही लिहून ठेवावी. सहा किलोमीटरच्या जाळीत ती अजून आलेली नाही.