हवे तेवढेच स्तंभ

"थांबा, संगणक जरा मंद चालला आहे," हे वाक्य शाखेतील खिडकीपाशी उभ्या असलेल्या ग्राहकाच्या परिचयाचे आहे. खापर बहुधा यंत्रावर फुटते. पुष्कळदा दोष असतो तो माहिती मागण्याच्या पद्धतीत.

बँकेची माहिती डेटाबेसमध्ये तक्त्यांच्या रूपाने साठवलेली असते. ही रचना आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तेथीलच चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये सादर केली. तिचेच पुढचे रूप म्हणजे एसक्यूएल. तिच्यात 'सिलेक्ट' या शब्दापुढे हव्या त्या स्तंभांची नावे लिहावयाची असतात. नावांऐवजी नुसते तारांकन टाकले की सगळेच स्तंभ हजर होतात. टंकनाचा त्रास वाचतो, त्यामुळे ही सवय चटकन जडते.

समजा, तक्त्यात खातेक्रमांक, नाव व शिल्लक यांच्या जोडीला छायाचित्र आणि स्वाक्षरीचा नमुनाही आहे व प्रत्येक ओळ ४० किलोबाइटची आहे. ५०० खात्यांची शिल्लक तारांकन टाकून मागवली, तर सुमारे २० मेगाबाइट माहिती निघते. सेकंदाला २ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर तिला ८० सेकंद लागतात. तीनच स्तंभ मागितले आणि ओळीला १०० बाइट धरले, तर तेच काम पाव सेकंदाच्या आत आटोपते.

डिस्कवरील वाचन मात्र प्रत्येक वेळी असे घटत नाही. व्यवहारांसाठी वापरले जाणारे बहुतेक डेटाबेस ओळीतील स्तंभ एकत्र साठवतात. दोनच हवे असले तरी ती ओळ असलेले पान वाचावेच लागते. परंतु हवे असलेले सर्व स्तंभ इंडेक्समध्येच असतील, तर मूळ तक्ता उघडण्याची गरज सहसा पडत नाही. तारांकनाने ही सोय हातची जाते.

वेगाहून गंभीर प्रश्न गोपनीयतेचा आहे. शिल्लक पाहण्यासाठी काढलेल्या यादीत खातेदाराचा पॅन व मोबाइल क्रमांकही आला, की ती यादी कोणाच्या संगणकात पडून राहील, सांगता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही ग्राहकाची संमती नमूद उद्दिष्टासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित मानली आहे.

अनोळखी तक्त्याची रचना एकदा पाहण्यापुरते तारांकन वापरण्यास हरकत नसावी. तेव्हाही ओळींची मर्यादा अवश्य घालावी. रोज चालणाऱ्या अहवालात मात्र स्तंभांची नावेच लिहावीत; उद्या तक्त्यात नवा स्तंभ जोडला गेला, तरी तो अहवालात आपोआप शिरणार नाही.