शिवारातील सकस अन्न ताटापर्यंत पोचावे

शेतकऱ्याच्या घरी अन्नाला तोटा नसतो, अशी एक जुनी समजूत आहे. ज्याच्या शिवारात ज्वारी, बाजरी, तूर आणि मटकी पिकते, ज्याच्या दावणीला दुभते जनावर आहे, त्याच्या घरी आहाराची उणीव असण्याचे कारण नाही, असे वरवर पाहता वाटते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 54 टक्के स्त्रियांना, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे 69 टक्के बालकांना रक्तक्षय असल्याचे आढळून आले. खुरपणीला जाणाऱ्या स्त्रीला दुपारीच धाप लागते, बाळ कमी वजनाचे जन्मते, मुलाचे शाळेत लक्ष लागत नाही. यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

रक्तक्षय जंतांमुळे, अतिरक्तस्रावामुळे व लागोपाठच्या बाळंतपणांमुळेही होतो. परंतु आहारातील लोहाची उणीव हे त्याचे एक प्रमुख कारण होय; आणि ते दूर करणे बऱ्याच अंशी कुटुंबाच्याच हाती आहे. शेतात पिकलेले पोषण ताटात येईपर्यंत वाटेत कोठे कोठे गळते, हे पाहिले म्हणजे उपायही सापडतात.

विकावे किती, ठेवावे किती

पहिली गळती बाजाराच्या वाटेवर होते. दूध डेअरीला जाते, अंडी आठवडे बाजारात जातात, तूर व मूग मोंढ्यावर जातात आणि त्याच पैशातून घरी बिस्किटांचे पुडे येतात. शेतमाल विकल्याशिवाय संसार चालत नाही, हे खरे. परंतु घरचा वाटा आधी काढून मग विक्री करणे हिताचे ठरते. पाच माणसांच्या कुटुंबात रोज माणशी 60 ग्रॅम डाळ वा कडधान्य धरले, तर वर्षाला सुमारे 110 किलो लागते. एवढा साठा सुगीच्या वेळीच उन्हात वाळवून, स्वच्छ करून कोठीत ठेवल्यास पुढे चढ्या भावाने डाळ विकत आणण्याची पाळी येत नाही. दुभते जनावर असल्यास सर्व दूध डेअरीला न घालता मुलांपुरते व गर्भवती स्त्रीपुरते घरी राखावे.

भाकरीचे मोल

गेल्या काही दशकांत पुष्कळ घरांतून भाकरी मागे पडली आणि पांढराशुभ्र भात व मैद्याचे पदार्थ पुढे आले. भाकरी हे गरिबीचे लक्षण, हा समज त्याला कारणीभूत झाला. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा या धान्यांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. त्यांचे महत्त्व साध्या हिशेबाने पटते. 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 6.4 मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही नसते. नाचणीत 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असते. प्रौढ स्त्रीला दिवसाकाठी 29 मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, अशी शिफारस आहे. 200 ग्रॅम बाजरीच्या भाकरीतून त्यापैकी सुमारे 13 मिलिग्रॅम मिळते.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व इक्रिसॅट यांनी मिळून विकसित केलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा अधिक लोहयुक्त वाण 2012 साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. त्याच्या एक किलो दाण्यात सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असते. हा संकरित वाण नसल्याने शुद्धतेची काळजी घेऊन त्याचे बियाणे घरीही राखता येते.

मात्र धान्यातील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. जेवणाबरोबर लिंबू, आवळा, पेरू वा कच्चा टोमॅटो यांपैकी काही असल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते. उलट, जेवणाला लागून घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. म्हणून जेवण व चहा यांत निदान एक तासाचे अंतर असावे. भाकरीबरोबर डाळ वा उसळ असावी, ही जुनी रीतही शास्त्राला धरून आहे. धान्यातील प्रथिनांत जे घटक कमी असतात ते कडधान्यांत मिळतात आणि कडधान्यांतील उणीव धान्ये भरून काढतात. बाजरीचे पीठ मात्र लवकर कडवट होते. ते चार-आठ दिवसांपुरतेच दळून आणावे.

चुलीवर होणारी हानी

दुसरी गळती स्वयंपाकघरात होते. ती टाळण्यास खर्च काहीच येत नाही.

पालेभाजी आधी धुवावी व मग चिरावी. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर निघून जातात. भाजी उकडून तिचे पाणी पिळून टाकू नये. भाजी झाकण ठेवून, बेताच्या पाण्यात शिजवावी. तांदूळ चोळचोळून पुन्हा पुन्हा धुऊ नये. भाताची पेज ओतून न देता ती पिण्यास वा आमटीत वापरावी. गव्हाच्या पिठातील कोंडा चाळून गुरांपुढे टाकू नये. उसळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. सोड्याने ब गटातील जीवनसत्त्वांचा नाश होतो. त्याऐवजी मटकी, मूग रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड आणावेत. मोड आलेले कडधान्य लवकर शिजते, पचण्यास हलके असते आणि त्यातील लोहही अधिक शोषले जाते. शक्य तेथे भाजी परतण्यास लोखंडी कढई वापरावी.

दुकानातील खरेदी

तिसरी गळती पैशाची असते. मुलांसाठी आणलेल्या पुड्यावरील चित्रापेक्षा त्याच्या मागील बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत मैदा, साखर व पामतेल असेल, तर तो पदार्थ पौष्टिक नव्हे हे उघड आहे. तेवढ्याच पैशात शेंगदाण्याचा लाडू किंवा फुटाणे अधिक पोषण देतात. पाकिटबंद मालावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक व वापराची मुदत पाहावी. सुटे तेल घेऊ नये. त्यात भेसळीचा धोका असतो. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे, पण पापड, लोणचे व फरसाण धरून ते दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या वर जाऊ नये.

परसातील भाजी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात 2,000 उष्मांकांच्या दैनंदिन आहारासाठी 400 ग्रॅम भाज्या व 100 ग्रॅम फळे सुचविली आहेत. रोज एवढी भाजी विकत घेणे पुष्कळांना परवडत नाही. अशा घरांना परसबागेचा मोठाच आधार होतो. अर्धा गुंठा जागेत माठ, मेथी, पालक यांचे वाफे दर पंधरवड्याने पेरावेत. मेथी व माठ महिन्याभरात खुडण्यास येतात. कडेला शेवगा, पपई, लिंबू व कढीपत्ता लावावा आणि मोरीच्या सांडपाण्यावर केळ घ्यावी. शेवग्याच्या शेंगांइतकाच त्याचा पालाही गुणकारी आहे.

वाढप

शेवटची गळती वाढण्याच्या वेळी होते. घरातील पुरुष व मुले जेवून उठल्यावर उरलेसुरले खाण्याची स्त्रियांची रीत अद्याप पुष्कळ घरांत चालू आहे. भाकरी उरते, डाळ, भाजी व दूध मात्र संपलेले असते. घरात सर्वांत अधिक लोहाची गरज जिला, तिच्याच ताटात ते सर्वांत कमी येते. सर्वांनी एकत्र बसून जेवणे, अथवा भाजी-डाळीचे वाटे आधीच काढून ठेवणे, हा यावरील सोपा उपाय होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ महिला मेळाव्यापुरता ठेवू नये. किती धान्य विकावे व किती ठेवावे, हे बहुधा पुरुष ठरवितात. म्हणून पीकचर्चेच्या बैठकीतही तो मांडावा. अंगणवाडीत मोड आलेल्या उसळीचे व नाचणीच्या सत्त्वाचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्ट सांगावी: ज्या स्त्रीला रक्तक्षय जडला आहे तिने केवळ आहारावर विसंबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे आणि तेथे विनामूल्य मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या सल्ल्याप्रमाणे पूर्ण घ्याव्यात. गोळ्यांनी रक्त भरून येते; ते टिकवून धरण्याचे काम रोजच्या ताटाला करावे लागते.